आधी लोखंडाला हात

२०२२ च्या पाडव्याला आमच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा राहिला. धाकट्या जावेनं बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, गल्लीत पेढे वाटले. सीटवरचं पातळ प्लास्टिक मात्र कुणी काढलं नाही. नवी वस्तू होईल तितके दिवस नवी दिसावी, ही आपल्याकडची रीतच आहे.

दीड महिन्यानं, मेच्या तिसऱ्या आठवड्यात नांगरट चालू होती. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात आमची शेती. कापूस, तूर आणि थोडी मोसंबी. सकाळी सहाला धरलेला नांगर अकराला सुटला. जेवणं झाली. माझे दीर, त्यांना मी भाऊजी म्हणते, लिंबाच्या सावलीत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवरच जाऊन टेकले आणि तिथेच त्यांनी डुलकी काढली. साडेबाराच्या सुमारास सीटवरून घसरत खाली आले, टाकीचं झाकण फिरवून काढलं, नरसाळं बसवलं, डिझेल गाळायला त्यात जुन्या साडीचा तुकडा अंथरला आणि निळा कॅन उचलून तिरका केला.

मी बांधावर डबे आवरत होते. आवाज मोठा झाला नाही. शेगडीला काडी लावायला उशीर झाला की होतो तसा ‘भप्प’ एवढाच. मान वळवून बघते तो नरसाळ्याच्या तोंडावर जाळ होता आणि भाऊजींच्या उजव्या हातावर जाळ होता. त्यांनी कॅन टाकला आणि मागे सरकले. आमच्या सालगड्यानं प्यायच्या पाण्याच्या कॅनला गुंडाळलेलं ओलं गोणपाट ओढून काढलं आणि भाऊजींच्या हातावर दाबलं. मग दोन्ही हातांनी नांगरलेली माती टाकत त्यानं कॅनभोवतीचा आणि टाकीवरचा जाळ विझवला. सगळं मिळून मिनिटभराचं. पण भाऊजींचा हात कोपरापर्यंत भाजला, बावीस दिवस ड्रेसिंग चाललं आणि त्या वर्षीची आमची पेरणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनं झाली.

गावानं आपापली कारणं काढली. मोबाइल वाजला असेल. बिडी ओढली असेल. ऊनच तसं होतं. दृष्ट लागली. भाऊजी बिडी ओढत नाहीत, मोबाइल घरी चार्जिंगला होता, आणि इंजिन बंद होऊन दीड तास झाला होता, म्हणजे सायलेन्सर निवलेला होता. दवाखान्यात पट्टी बांधून घेताना भाऊजी मला जे म्हणाले त्यानं मी चमकले. “वहिनी, बोटाला मुंगी डसल्यावानी झालं आन् लगेच जाळ उठला.”

मुंगी डसल्यासारखं. एकतीस वर्षं मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. ही मुंगी माझ्या ओळखीची होती. दर वर्षी मी ती वर्गात मुलांना दाखवत आले होते.

पट्टी, केस आणि कागदाचे कपटे

प्लास्टिकची पट्टी कोरड्या केसांवर घासायची आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यायची. कपटे उडी मारून पट्टीला चिकटतात. हा प्रयोग बहुतेकांनी शाळेत केलेला असतो. दोन वेगळ्या वस्तू घासल्या किंवा नुसत्या चिकटून सुटल्या, तरी एकीचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. जिच्याकडे जास्त झाले ती ऋण, जिचे गेले ती धन. वस्तू धातूची असून जमिनीला जोडलेली असेल, तर हा प्रभार आला तसा मातीत निघून जातो. प्लास्टिक, रबर, नायलॉन, पॉलिस्टर यांतून तो वाहू शकत नाही. जागच्या जागी साचून राहतो, म्हणून या विजेला स्थितिक विद्युत म्हणायचं.

जुलैत हा प्रयोग माझ्या वर्गात कधी धड झाला नाही. दमट हवेत प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो आणि त्यावरून प्रभार निसटून जातो. तोच प्रयोग जानेवारीत पहिल्या झटक्यात जमायचा. त्याच दिवसांत अंधारात स्वेटर काढताना तडतड आवाज येतो आणि बारीक निळ्या ठिणग्या दिसतात. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे ठिणगीला सगळ्यात सोयीचे दिवस आणि नांगरटीचे दिवस एकच.

आता भाऊजींच्या त्या दुपारकडे या. पॉलिस्टरची पँट घालून ते तासभर प्लास्टिकच्या आवरणावर बसले होते. बसलेले असताना दोन्ही प्रभार समोरासमोर असतात, काही जाणवत नाही. माणूस उठला की एक प्रभार प्लास्टिकवर राहतो आणि दुसरा माणसाच्या अंगाबरोबर खाली उतरतो. पायात जाड रबरी तळाचे बूट होते, म्हणून तो मातीत गेला नाही. उतरताना धरायची दांडी रबरानं मढवलेली. टाकीचं झाकण प्लास्टिकचं. नरसाळं प्लास्टिकचं. कॅन प्लास्टिकचा. सीट सोडल्यापासून त्यांचं बोट उघड्या लोखंडाला पहिल्यांदा लागलं ते टाकीच्या पत्र्याच्या गळ्याला, कॅन टेकवताना. इंधनाची वाफ नेमकी तिथेच होती.

माणसाच्या अंगावर अशा वेळी काही हजार व्होल्ट सहज साठतात. घरातल्या प्लगमध्ये २३० असतात, हे ठाऊक असलेल्या माणसाला ही गोष्ट पटत नाही. इतक्या व्होल्टनं माणूस मरत कसा नाही? कारण प्रभार फारच थोडा असतो. उंच कड्यावरून पडणारा पाण्याचा एक थेंब कितीही उंचावरून पडला तरी त्यानं गिरणी चालत नाही, तसं हे आहे. मात्र वाफ पेटायला गिरणीएवढी ताकद लागतच नाही. पेट्रोलची वाफ आणि हवा योग्य प्रमाणात मिसळलेली असली, तर ती पेटायला साधारण ०.२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. शेंगदाण्याचा एक दाणा जमिनीवरून दोन बोटं उचलायला लागते तेवढी. आणि बोटाला चटका जाणवायचा असेल तर अंगावर साधारण तीन हजार व्होल्ट असावे लागतात. त्या ठिणगीत ०.४ मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपल्याला जेमतेम जाणवणारी ठिणगीसुद्धा वाफ पेटवायला दुपटीनं पुरते. जी जाणवतही नाही, तीही पुरू शकते.

चार गोष्टी बदलल्या

आमचे सासरे, आण्णा, चाळीस वर्षं डिझेल इंजिनावर विहिरीचं पाणी ओढत होते. पत्र्याच्या डब्यातून डिझेल ओतायचे, कधी काही झालं नाही. भाऊजींनी हेच मला ऐकवलं: “आण्णांनी असल्या काळज्या कधी केल्या?” त्यांचं म्हणणं खरं होतं. म्हणून आण्णांचं काय वेगळं होतं, ते मी आठवत बसले.

आण्णांच्या अंगात सुती धोतर आणि सुती बंडी असायची. सुताला हवेतला ओलावा धरून ठेवता येतो, त्यामुळे त्यावर प्रभार फारसा टिकत नाही. भाऊजींच्या अंगावर पॉलिस्टर. आण्णा शेतात अनवाणी असायचे. अंगावर प्रभार आला तरी तळपायातून मातीत जायचा. भाऊजींच्या पायात रबर. आण्णांचा डबा पत्र्याचा, नरसाळं पत्र्याचं, आणि दोन्ही इंजिनाच्या लोखंडाला टेकलेली. भाऊजींचा कॅन आणि नरसाळं प्लास्टिकचं.

चौथा बदल डोळ्यांना दिसत नाही. तो डिझेलमध्येच झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचं इंधन मिळू लागलं. त्यातलं गंधक दहा लाख भागांत १० भागांपर्यंत खाली आणलं आहे. त्याआधीच्या टप्प्यात ते ५० पर्यंत चालायचं. हवेसाठी आणि आपल्या फुप्फुसांसाठी हे चांगलंच झालं. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले जे घटक थोडीफार वीज वाहून नेत असत, तेही निघून जातात. असं स्वच्छ डिझेल विजेच्या बाबतीत अधिक दुर्वाहक असतं. नळीतून, गाळणीतून वाहताना त्यात प्रभार तयार होतो आणि तो चटकन विरत नाही. तेल कंपन्या म्हणूनच गरजेप्रमाणे वीजवहन वाढवणारं द्रव्य डिझेलमध्ये मिसळतात.

चारही बदलांची चाल एकाच दिशेची आहे. अंगावरच्या प्रभाराला मातीत जायची जी वाट पूर्वी आपोआप उघडी होती, ती आपण नकळत चारही बाजूंनी बंद केली. रबरी बूट काट्याकुट्यापासून आणि सापापासून वाचवतात, ते सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण बंद झालेली वाट आपल्या हातानं उघडायला हवी. अक्षरशः हातानं.

डिझेल पेटत नाही, हा गैरसमज

‘पेट्रोल भडकतं, डिझेलमध्ये जळती काडी टाकली तरी विझते’, हे वाक्य मी गॅरेजमध्ये, पारावर, घरात शंभरदा ऐकलं आहे. गार डिझेलच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. इंधन कितीही ज्वलनशील असलं, तरी पेटते ती त्याची वाफ. ज्या तापमानाला ठिणगी पडताच भडका उडेल एवढी वाफ द्रवातून निघू लागते, त्याला ज्वलनांक म्हणू. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली साधारण ४० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही हवामानात ते कायम वाफाळलेलं असतं. डिझेलला बरंच जास्त तापमान लागतं.

पण किती जास्त? युरोपात विकल्या जाणाऱ्या डिझेलचा ज्वलनांक किमान ५५ अंश असावा लागतो. अमेरिकेत नेहमीच्या डिझेलसाठी ५२ अंश. आपल्या भारतीय मानकात ही मर्यादा किमान ३५ अंश आहे. पंपावरचं डिझेल प्रत्यक्षात या मर्यादेपेक्षा वरचं असू शकतं. तरी नियमाला ३५ चालतं. आणि आमच्या शेतात मे महिन्यात सावलीत ४२ अंश असतात. उन्हात ठेवलेला कॅन त्याहून तापतो. ट्रॅक्टर चालू असताना इंजिनातून परत येणारं न जळलेलं डिझेल टाकीत गरम होऊनच येतं. तेव्हा परदेशातल्या पुस्तिकेत ‘डिझेल सुरक्षित’ असं वाचून इथे निर्धास्त राहणं मला चुकीचं वाटतं.

आणखी एक गोष्ट ठिणगीशी संबंधित नाही, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डिझेल साधारण २१० ते २५० अंशांना ठिणगीशिवाय आपोआप पेटतं. पेट्रोलला त्यासाठी जास्त तापमान लागतं. भरात काम करून आलेल्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. त्यावर डिझेलची धार सांडली तर स्थितिक विद्युत लागतच नाही. इंजिन बंद करून निवू देणं हा पहिला नियम, बाकीचे सगळे त्याच्यानंतरचे.

एकच कॅन, दोन इंधनं

भाऊजींच्या अपघातात खरा घात झाला तो कॅनमध्ये. आठवडाभर आधी गवत कापायच्या यंत्रासाठी त्याच निळ्या कॅनमधून पेट्रोल आणलं होतं. कॅन रिकामा दिसत होता, म्हणून त्या दिवशी सकाळी त्यातच डिझेल भरून आणलं. तळाशी पेट्रोल उरलं असेल वाटीभर, किंवा तेवढंही नाही.

पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते. त्याहून कमी असली तर पेटत नाही आणि त्याहून जास्त असली तरीही नाही, कारण जळायला लागणारी हवाच पुरेशी उरत नाही. बंद कॅनमध्ये नुसतं पेट्रोल असतं तेव्हा आतली वाफ बहुतेक वेळा या मर्यादेच्या वर असते. आत नुसतं गार डिझेल असेल तर मर्यादेच्या खाली. पण पेट्रोलचा उरलासुरला अंश असलेल्या कॅनमध्ये डिझेल ओतलं की डिझेल ती वाफ शोषू लागतं आणि प्रमाण खाली येत येत नेमकं पेटण्याच्या टप्प्यात येऊन थांबू शकतं. वरून दुर्वाहक डिझेल वाहताना प्रभार तयार करतं. धोकादायक वाफ आणि प्रभार, दोन्ही एका भांड्यात. तेलाच्या टँकरवाल्यांना हा धोका फार जुना ठाऊक आहे. पेट्रोल उतरवलेल्या टाकीत डिझेल भरताना ते खास काळजी घेतात. शेतावरच्या कॅनबद्दल हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, भांड्याच्या तोंडावरून खाली ओघळते, टाकीच्या गळ्याभोवती, चाकापाशी, खळग्यात साचते. बंद शेडमध्ये कॅन उघडणं म्हणूनच वाईट.

आमच्या नरसाळ्यात तळाशी पितळी जाळीही होती. प्लास्टिकमध्ये बसवलेली धातूची जाळी ही एक फसवी वस्तू आहे. धातू असल्यामुळे ती प्रभार गोळा करते, आणि भोवती प्लास्टिक असल्यामुळे तो तिला सोडता येत नाही. जवळ लोखंड आलं की सगळा एकदम सुटतो. साडीच्या तुकड्यातून गाळल्यानं तर इंधन आणि कापड यांचा स्पर्श हजारो बारीक भोकांमधून होतो. प्रभार वाढवायला याहून सोपी युक्ती नाही. त्यात साडी नायलॉनची.

कॅन भरला गेला तोही चुकीच्या पद्धतीनं. पंपावर तो ट्रॉलीतून खाली उतरवलाच नव्हता. ट्रॉलीत ताडपत्री, ताडपत्रीवर कॅन, आणि वरून धरलेली नोझल. अमेरिकेतल्या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या ‘नायोश’ या सरकारी संस्थेनं १९९८ मध्ये नेमक्या याच गोष्टीबद्दल इशारा दिला होता: पिकअप गाडीच्या हौद्यात प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यावर कॅन ठेवून भरला की प्रभाराला जमिनीकडे जायला वाट राहत नाही आणि नोझल जवळ येताच ठिणगी पडते. पत्र्याचा डबा असला तरीही तेच. डबा धातूचा असून भागत नाही, तो जमिनीशी जोडलेला हवा. तिथल्याच पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटनं पंपांवरच्या आगींच्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा पुष्कळ नोंदींत एकच क्रम दिसला: माणूस नोझल लावून गाडीत जाऊन बसला, पुन्हा उतरला आणि कशालाही हात न लावता थेट नोझलकडे गेला. मोबाइलनं आग लागल्याचं एकही प्रकरण त्यांना सिद्ध झालेलं सापडलं नाही. सीटवरून उतरणं आणि थेट वाफेजवळ बोट नेणं, आमच्या लिंबाखाली झालं ते हेच.

पंपावर कधी टँकर रिकामा होताना बघा. होसपाइप जोडण्याआधी टँकरला अर्थिंगची क्लिप लावतात. हजारो लिटरला जे लागू, ते आपल्या पस्तीस लिटरलाही लागू. आपल्याकडे १९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे, त्याखालचे २००२ चे नियम आहेत, आणि ते राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. कायद्यानं डिझेलला ‘ब’ वर्गात आणि पेट्रोलला जास्त धोक्याच्या ‘अ’ वर्गात घातलं आहे. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना तीस लिटरपर्यंतच ठेवता येतं. डिझेलला मोकळीक बरीच मोठी, अडीच हजार लिटरपर्यंत. शेतकऱ्याला डिझेल ठेवायची मुभा आहे, म्हणून ते कसं हाताळायचं ही जबाबदारीही त्याचीच आहे.

आम्ही आता काय करतो

पहिल्याच आठवड्यात सीटवरचं प्लास्टिक फाडून टाकलं. धाकट्या जावेनं जुन्या सुती सतरंजीचं आवरण शिवून दिलं.

कॅन दोन केले. पेट्रोलचा लाल, मान्यताप्राप्त, पाच लिटरचा, डिझेलचा पत्र्याचा. दोन्हींवर ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. एकात दुसरं कधीच नाही, ‘आजच्या दिवस’ म्हणूनसुद्धा नाही. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणणं घरात पूर्ण बंद.

पंपावर कॅन ट्रॉलीतून उतरवून जमिनीवर ठेवायचा. नोझल डब्याच्या काठाला टेकलेली ठेवून सावकाश भरायचं. काठोकाठ भरायचं नाही. उन्हानं इंधन फुगतं, त्याला जागा लागते. शेतावर आणल्यावर डबा सावलीत, मातीवर ठेवायचा आणि दोन-चार मिनिटं तसाच राहू द्यायचा. पत्र्याच्या डब्यातला प्रभार तेवढ्या वेळात मातीत जातो.

इंजिन बंद, किल्ली काढलेली, सायलेन्सर निवलेला. हे झाल्यावर सगळ्यात महत्त्वाचं: झाकणाला हात लावण्यापूर्वी, टाकीपासून लांब, ट्रॅक्टरच्या रंग नसलेल्या लोखंडाला उघड्या तळहातानं स्पर्श करायचा. आम्ही मागच्या ड्रॉबारला हात लावतो. तिथे रंग घासून गेलेला आहे, लोखंड उघडं आहे आणि वाफ नसते. अंगावरचा प्रभार तिथे उतरला तर चटका बसेल, आग लागणार नाही. मध्येच पुन्हा सीटवर चढलो, तर उतरून पुन्हा हात लावायचा.

नरसाळं पत्र्याचं, टाकीच्या गळ्याला घट्ट टेकलेलं. डब्याचं तोंड नरसाळ्याला टेकवून ओतायचं, म्हणजे डबा, नरसाळं आणि टाकी मिळून एकच धातू होतो आणि त्यांच्यात ठिणगीला जागा उरत नाही. वरून उंच धार सोडायची नाही. कापड नाही. कचरा अडवायला ट्रॅक्टरला स्वतःचा डिझेल फिल्टर आहे. गाळायचंच असेल तर पत्र्याच्या नरसाळ्यातली धातूची जाळी पुरते. ज्यांच्याकडे प्लास्टिकचाच कॅन आहे, त्यांनी तो कोरड्या फडक्यानं घासून पुसू नये. घासणं म्हणजे पट्टी आणि केस. ज्यांच्या ट्रॅक्टरची टाकीच प्लास्टिकची आहे, त्यांनाही आधी लोखंडाला हात लावायचा नियम जसाच्या तसा लागू आहे, कारण त्यात उतरतो तो आपल्या अंगावरचा प्रभार.

फवारणीचा पंप, पॉवर वीडर, गवत कापायचं यंत्र यांत पेट्रोल भरताना यंत्र पाठीवरून काढून जमिनीवर ठेवा. ही यंत्रं लहान आहेत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, पण पेट्रोल त्यांच्यातच असतं.

तरीही पेटलंच तर

कॅन फेकू नका. फेकलेल्या कॅनमधून जाळ सगळीकडे पसरतो. तिथेच सोडा आणि मागे व्हा. जळत्या इंधनावर पाणी मारू नका, तेल पाण्यावर तरंगत पसरतं. माती, वाळू, ओलं गोणपाट किंवा ड्राय पावडरचा अग्निशामक वापरा. आमच्या शेडच्या दाराशी आता वाळूच्या दोन बादल्या कायम भरलेल्या असतात. कपडे पेटले तर पळायचं नाही. जमिनीवर पडून लोळायचं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतलं काहीही लावू नका. अंगठी, कडं, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढा. आणि १०८ ला फोन करा.

भाऊजींचा हात बरा झाला. तळहाताची कातडी अजून ताणल्यासारखी वाटते, थंडीत बोटं नीट मिटत नाहीत. आता डिझेल भरण्याआधी ते ट्रॅक्टरच्या मागे जातात, ड्रॉबारवर तोच हात ठेवतात आणि मग पुढे येतात. गावातली पोरं त्यांना विचारतात, ते सांगतात.

शाळेत मी स्थितिक विद्युत शिकवताना कपटे उडवले, फुगे भिंतीला चिकटवले, विजेच्या ढगांचं चित्र फळ्यावर काढलं. वर्गातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची होती आणि प्रत्येकाच्या घरी डिझेलचा कॅन होता. त्या कॅनचं नाव मी एकतीस वर्षांत एकदाही घेतलं नाही, याची मला मनापासून खंत आहे. ग्रामीण शाळेत हा पाठ शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माझी विनंती आहे: पट्टी आणि कपटे झाले की पाच मिनिटं कॅनवर बोला. मुलं घरी जाऊन सांगतील आणि घरचे ऐकतील.

आणि तुम्ही शेतकरी असाल, तर उद्या सकाळी दोन कामं करा. शेडमधल्या प्रत्येक कॅनवर आत काय आहे ते लिहा. आणि डिझेल भरायला जाल तेव्हा आधी लोखंडाला हात लावा, मग झाकणाला. याला एक पैसाही लागत नाही.